मित्रासोबत इंदूरला पहिली हाफ मॅरेथॉन: शनिवार-रविवारचा बेत कसा आखावा

इंदूर मॅरेथॉन २०१५ मध्ये सुरू झाली. ती सहसा फेब्रुवारीच्या सुरुवातीच्या रविवारी असते. डिसेंबर उजाडला की पुण्या-मुंबईहून, नाशिकहून, भोपाळहून फोन येऊ लागतात: आम्ही दोघं येतोय, पहिलीच हाफ आहे, राहायचं कुठे, खायचं काय, सराफा हा रात्रीचा खाऊबाजार कधी गाठायचा? इंदूरची मराठी माणसं पाहुण्याला खायला घालण्यात कमी पडत नाहीत, त्यामुळे शेवटच्या प्रश्नाचं उत्तर सगळे उत्साहाने देतात. बाकीच्या प्रश्नांची उत्तरं नीट कुणी देत नाही, म्हणून ती इथे सविस्तर लिहितो आहे.

सगळ्यात आधी एक गोष्ट पक्की करा. रविवारी सकाळी पळून होईपर्यंत ही सहल नाही. इंदूर बघणं, खाणं, भटकणं हे सगळं त्यानंतर. सहल आणि शर्यत एकमेकांत मिसळली की शनिवारी रात्रीच पाय थकलेले असतात आणि पोट जड झालेलं असतं.

दिवाळीनंतर लगेच सुरुवात

हाफ मॅरेथॉन म्हणजे २१.०९७५ किलोमीटर. आज तुम्ही न थांबता, किंवा थोडं चालत थोडं पळत, ५ किलोमीटर आरामात करू शकत असाल तर बारा आठवडे पुरतात. म्हणजे साधारण नोव्हेंबरच्या मध्यापासून लागायला हवं. आज ५ किलोमीटर जमत नसतील तर यंदा १० किलोमीटरच्या गटात नाव द्या आणि हाफ पुढच्या वर्षी करा. यात काहीही कमीपणा नाही.

आठवड्यातून चार दिवस पळणं पुरे. तीन दिवस चार ते सात किलोमीटर आणि रविवारी लांबचं पळणं, ज्याला सगळे लाँग रन म्हणतात. रविवारची अंतरं अशी वाढवा: ६, ७, ८, मग एकदा कमी करून ६, पुढे ९, १०, १२, पुन्हा कमी करून ९, मग १४, १६, त्यानंतर १०, आणि बाराव्या रविवारी शर्यत. मधूनमधून अंतर कमी करायचं ते पायांना सावरायला वेळ मिळावा म्हणून. १६ झाले की २१ होतात. सरावात २१ पळून बघायची गरज नाही. शेवटच्या दोन आठवड्यांत जास्त पळून काही कमावता येत नाही, फक्त दुखापत ओढवून घेता येते. एखादा आठवडा बुडाला तर तो पुढच्या आठवड्यात भरून काढायला जाऊ नका.

सरावाचा वेग म्हणाल तर पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे. एकेक शब्द तोडून बोलावा लागत असेल तर तुम्ही जोरात पळताय. नवख्यांचं बहुतेक सगळं पळणं या बोलत्या वेगातच व्हायला हवं, आणि नेमकं हेच पाळणं सगळ्यात अवघड जातं, कारण आपण फार सावकाश जातोय असं वाटत राहतं.

बूट शर्यतीच्या किमान महिनाभर आधी घ्या आणि निदान दोन लाँग रन त्यातच करा. मोजे, टी-शर्ट, कमरेचा पट्टा, काखेत आणि मांड्यांना लावायचं व्हॅसलीन, वाटेत खायचे खजूर किंवा जेल (पळताना ताकदीसाठी घ्यायचा, पाकिटातला गोड दाट पाक), हे सगळं लाँग रनला वापरून बघा. शर्यतीच्या दिवशी एकही वस्तू पहिल्यांदा अंगावर किंवा पोटात जाऊ नये.

रक्तदाब, मधुमेह, छातीत कधी दुखलेलं असणं, घरात कमी वयात हृदयविकार, किंवा चाळिशी ओलांडून पहिल्यांदाच पळायला सुरुवात, यांपैकी काहीही असेल तर सराव सुरू करण्याआधी डॉक्टरांना भेटा.

दोघांतला करार

नवख्या जोडीचा विचार कमी पडतो तो इथे. दोघं मिळून नाव नोंदवतात, दोघं मिळून तिकीट काढतात, पण पळायचं एकत्र की वेगवेगळं हे बोलतच नाहीत. मग सातव्या किलोमीटरला एकजण म्हणतो, तू पुढे जा. दुसरा म्हणतो, नको नको, मी थांबतो. दहाव्या किलोमीटरला पुन्हा तेच. मागे असलेला आपल्यामुळे याचा खोळंबा होतोय या ओझ्याखाली झेपत नाही त्या वेगाने पळतो, आणि पुढचा मनातल्या मनात घड्याळ बघत राहतो. दोघांचीही शर्यत बिघडते.

म्हणून शर्यतीच्या तीन-चार आठवडे आधी दोघांनी आपापल्या गावी १० किलोमीटर मनापासून पळून वेळ नोंदवा. त्या वेळेला २.२ ने गुणलं की हाफच्या वेळेचा अंदाज येतो. १० किलोमीटरला ६५ मिनिटं लागत असतील तर हाफ सुमारे २ तास २३ मिनिटांत, ७५ मिनिटं लागत असतील तर सुमारे २ तास ४५ मिनिटांत. पहिल्याच वेळी त्यात आणखी पाच-दहा मिनिटं धरा. दहा किलोमीटरवरचा दहा मिनिटांचा फरक हाफला वीस-बावीस मिनिटांचा होतो. म्हणजे दर किलोमीटरला मिनिटभराहून जास्त. एवढा फरक मैत्रीने भरून निघत नाही.

आता ठरवा. दहा किलोमीटरच्या वेळेत पाचेक मिनिटांचाच फरक असेल आणि दोघांचीही पहिली हाफ असेल, तर माझं मत स्पष्ट आहे: शेवटपर्यंत एकत्र पळा, आणि वेग सावकाश पळणाऱ्याचा ठेवा. जोरात पळणारा हळू होऊ शकतो, उलटं होत नाही. मग वाटेत वेळेबद्दल अवाक्षर काढायचं नाही. जास्त वेगाने पळणाऱ्याला हे मनापासून मान्य नसेल तर त्याने आधीच तसं सांगावं, त्यात वाईट वाटून घेण्यासारखं काही नाही. फरक जास्त असेल तर पहिले पाच किलोमीटर सोबत आणि मग आपापल्या वेगाने. अंतर आधी ठरलेलं असलं की निरोप घेताना कुणाला अपराधी वाटत नाही.

करारात आणखी एक कलम हवं. नुसता थकवा, पायात गोळा किंवा पोटात चमक असेल तर दुसऱ्याने थांबायचं नाही. पण छातीत दुखणं, चक्कर, असंबद्ध बोलणं, सारख्या उलट्या, घाम अचानक थांबणं, अंग गार पडणं, यांपैकी काहीही दिसलं तर तिथेच थांबायचं, जवळच्या स्वयंसेवकाला हाक मारायची आणि मित्राला एकटं सोडायचं नाही. मेडल पुढच्या वर्षीही मिळतं.

प्रवास आणि मुक्काम

मुंबईहून अवंतिका एक्स्प्रेस संध्याकाळी निघते आणि सकाळी इंदूरला पोचवते, तेव्हा शुक्रवारी रात्रीची गाडी सोयीची. पुण्याहूनही रेल्वे आहे आणि रात्रीच्या बसेस पुष्कळ आहेत. रस्त्याने पुणे-इंदूर अंतर सहाशे किलोमीटरच्या आसपास पडतं, रात्रभर बसून आल्यावर अंग आंबतं. बसनेच यायचं असेल तर गुरुवारी रात्री निघा. शनिवारी रात्रीच्या प्रवासाने येऊन थेट शर्यतीला उभं राहायचा विचारही करू नका.

शर्यतीची सुरुवात नेहरू स्टेडियमजवळून होते, म्हणून छावणी, जीपीओ, नवलखा किंवा स्टेशनजवळच्या छोटी ग्वालटोलीत खोली बघा. पहाटे रस्ते बंद होतात, रिक्षा लांबच थांबते. पायी जाता येईल असं ठिकाण असलं की अर्धी काळजी मिटते. फेब्रुवारी हा लग्नसराईचा महिना आहे. खोली घेताना एक प्रश्न जरूर विचारा: शेजारी मॅरेज गार्डन आहे का? असेल तर मध्यरात्रीपर्यंत बँड आणि डीजे ऐकत पडावं लागेल.

मावशी, आत्या, मामा यांच्याकडे उतरणार असाल, रामबागेत, लोकमान्य नगरला, राजेंद्र नगरला, तर उत्तमच. फक्त दोन गोष्टी आठवडाभर आधी फोनवर सांगून ठेवा. एक, शनिवारी रात्री साडेसातला जेवण आणि तेही वरण-भात, बटाट्याची साधी भाजी, वर थोडं तूप, एवढंच. दोन, पहाटे चार वाजता स्वयंपाकघरात खुडबुड होईल. ‘‘मावशी, श्रीखंड-पुरी रविवारी दुपारी पोटभर खाऊ’’ असं आधीच म्हटलंत तर तिलाही बेत करता येतो आणि शनिवारी ताटावर आग्रह मोडायची वेळ येत नाही.

शनिवार

इंदूरला उतरलं की अंघोळ, नाश्ता आणि लगेच बिब घ्यायला. बिब म्हणजे छातीवर लावायचा क्रमांक. वेळ मोजणारी चिप बहुतेक त्यालाच चिकटवलेली असते. सोबत ओळखपत्र आणि नोंदणीचा मेल किंवा मेसेज ठेवा. दुपारनंतर तिथे गर्दी वाढते आणि उभं राहून पाय भरून येतात. बिबच्या मागच्या बाजूला रक्तगट, काही औषधं चालू असतील तर त्यांची नावं आणि एकमेकांचे फोन नंबर पेनने लिहून टाका. सुरू होण्याची नेमकी वेळ, मार्गाचा नकाशा, पाण्याची ठिकाणं आणि कट-ऑफ, म्हणजे शर्यत संपवायची शेवटची मुदत, ही माहितीही तिथेच पक्की करून घ्या.

नंतर तासाभराचं इंदूर बघता येतं. राजवाड्याचं सात मजली दार, तिथून चालत पाच मिनिटांवर कृष्णपुऱ्याच्या छत्र्या, किंवा रिक्षाने जाऊन खजराण्याच्या गणपतीचं दर्शन. यातलं एखादंच निवडा. उज्जैन ५५ किलोमीटरवर असल्याने ‘पटकन महाकाल करून येऊ’ असं हमखास सुचतं. नको. रांगेत अनवाणी उभं राहण्यात पायांतली ताकद निघून जाते. ओंकारेश्वर-महेश्वरला तर शनिवारी जाऊच नका. अहिल्यादेवींचा महेश्वरचा घाट घाईने बघण्याची जागाच नाही, त्यासाठी वेगळी सुट्टी काढा.

शनिवारचं मुख्य जेवण दुपारचं ठेवा. भात, पोळी, डाळ, दही, बटाटा. दाल-बाफले, म्हणजे डाळ आणि कणकेचे भाजलेले गोळे, समोर येतील. तुपात बुडवलेले ते बाफले रविवारी दुपारचे. उसळ, राजमा, कच्ची कोशिंबीर आणि फार तिखट काही नको, कारण पचायला वेळ लागणारं अन्न पहाटे पळताना आतड्यांना त्रास देतं. पाणी दिवसभर थोडं थोडं प्या. लघवीचा रंग फिकट पिवळा असला की पुरेसं पाणी झालं. रात्री लिटरभर एकदम पिऊन काही साधत नाही, फक्त झोपमोड होते.

आणि सराफा. दिवसा दागिन्यांच्या पेढ्या, रात्री त्यांच्याच दारात भुट्ट्याचा कीस, गराडू म्हणजे तळलेला कंद, साबुदाण्याची खिचडी, दहीवडे, मोठाल्या जिलेब्या. हा बाजार रात्री नऊ-दहानंतर रंगतो आणि पहाटेपर्यंत चालतो. म्हणजे शनिवारी तिथे जाणं म्हणजे झोप घालवणं, तळलेलं खाणं आणि तासभर उभं राहणं, तिन्ही एकदम. नुसतं बघून येऊ असं ठरवूनही जाऊ नका, तिथून कुणी नुसतं बघून येत नाही.

दुपारी तास-दीड तास झोपा, विशेषतः आदली रात्र गाडीत गेली असेल तर. शनिवारी रात्री धाकधुकीने झोप लागत नाही, बहुतेकांची लागत नाही. एका रात्रीची झोप कमी झाल्याने शर्यत बिघडत नाही, आदल्या दोन-तीन रात्री चांगल्या गेलेल्या असल्या की झालं. झोपण्याआधी कपडे, बिब, पिना, मोजे, बूट, जेल, व्हॅसलीन असं सगळं खुर्चीवर मांडून ठेवा आणि एकमेकांचं तपासा.

अंगात ताप असेल, किंवा त्या आठवड्यात येऊन गेला असेल, तर पळू नका. तापात किंवा ताप नुकताच गेल्यावर जोराचा व्यायाम हृदयाला धोक्याचा असतो. अशा वेळी मित्रासाठी टाळ्या वाजवायला उभं राहणं हेच शहाणपण.

रविवारची पहाट

सुरू होण्याच्या अडीच-तीन तास आधी उठा. दोन तास आधी खाऊन घ्या: दोन केळी, किंवा ब्रेड-जॅम, किंवा घरचे साधे पोहे, जे काही लाँग रनच्या आधी खात होतात तेच. चहा-कॉफीची सवय असेल तर घ्या, पोट साफ व्हायलाही तिची मदत होते. वेदनाशामक गोळी ‘आधीच घेऊन ठेवू’ म्हणून घेऊ नका. शरीरातलं पाणी कमी झालेलं असताना अशा काही गोळ्या मूत्रपिंडांवर ताण आणतात, शिवाय दुखणं दडपलं की दुखापत कळत नाही.

माळव्यातल्या रात्री थंड. फेब्रुवारीच्या सुरुवातीला पहाटे पारा दहा-बारा अंशांजवळ असतो, सूर्य सातच्या सुमारास उगवतो आणि नऊनंतर ऊन जाणवायला लागतं. उभं असताना किंचित थंडी वाजेल इतकेच कपडे पळायला हवेत. वर एक जुना स्वेटर घाला आणि सुरुवातीआधी तो सामान ठेवण्याच्या जागी जमा करा. रस्त्यात टाकू नका. स्वच्छ सर्वेक्षणात २०१७ पासून सलग सात वर्षं पहिलं आलेलं हे शहर आहे. ते तसं राखण्यासाठी इथले सफाई कामगार रात्री रस्त्यावर असतात. पाण्याचे पेले आणि जेलची रिकामी पाकिटंही डब्यातच गेली पाहिजेत.

पाऊणएक तास आधी पोचा. शौचालयाच्या रांगा मोठ्या असतात. पाच मिनिटं भराभर चालणं, थोडं सावकाश पळणं, एवढा वॉर्म-अप पुरे. आणि संपल्यावर भेटायची जागा ठरवा: ‘फिनिशला भेटू’ असं नाही, कारण तिथे हजारो माणसं असतात. अमुक गेटच्या बाहेर, अमुक झाडाखाली, असं बोट दाखवून.

एकवीस किलोमीटर

गर्दी, ढोल, टाळ्या आणि चढलेलं अंग, यामुळे पहिले दोन किलोमीटर सगळ्यांचे जोरात जातात. ठरलेल्या वेगापेक्षा किलोमीटरमागे दहा-पंधरा सेकंद हळू सुरू करा. सुरुवातीला वाचवलेली ताकद शेवटी उपयोगी पडते. सुरुवातीला वाचवलेली मिनिटं मात्र शेवटच्या पाचांत दामदुपटीने परत द्यावी लागतात. चिपची वेळ तुम्ही सुरुवातीची रेघ ओलांडलीत की मोजायला लागते, तेव्हा माणसांमधून वाट काढत पुढे घुसण्यात अर्थ नाही.

नवख्यांना मी चार मिनिटं पळणं आणि एक मिनिट चालणं हाच मंत्र देतो. १९७२ च्या ऑलिंपिकमध्ये धावलेले अमेरिकेचे जेफ गॅलोवे यांनी ही पळण्या-चालण्याची पद्धत जगभर रुजवली. खुबी अशी की चालणं पहिल्या पाच मिनिटांपासूनच करायचं, थकल्यावर नाही. दोघं असलात तर एकाने घड्याळ सांभाळावं. चालायच्या आधी हात वर करा आणि रस्त्याच्या कडेला या, म्हणजे मागचा येऊन आदळत नाही. इंदूर अगदी सपाट नाही, हलके चढ-उतार लागत राहतात. चढाला पावलं छोटी करा आणि वेगाचा आग्रह सोडा.

पाण्याच्या प्रत्येक ठिकाणी दोन-तीन घोट. तहानेपेक्षा फार जास्त नुसतं पाणी ढोसल्याने रक्तातलं सोडियम उतरतं आणि तेही धोक्याचं असतं. मीठ-साखर असलेलं पेय मिळालं तर एकाआड एक तेच घ्या. घरून ओआरएस नेणार असाल तर पाकिटावर लिहिलेल्या प्रमाणातच मिसळा, दाट करू नका. पाऊण तासाने पहिलं जेल किंवा दोन-तीन खजूर, मग दर अर्ध्या-पाऊण तासाने तेवढंच. भूक लागायची वाट बघू नका, तोवर उशीर झालेला असतो. जेल नेहमी साध्या पाण्यासोबत.

पहिले पाच गप्पांचे, पुढचे दहा लयीचे. खरी हाफ सुरू होते सोळाव्या किलोमीटरनंतर, कारण सरावात पाय तिथपर्यंतच गेलेले असतात. मांड्या जड होतात, डोकं थांबायची कारणं शोधायला लागतं. इथे मित्राचं काम फार मोठं आहे आणि ते उपदेशाचं नाही. ‘चल, जमेल, आलंच’ हे सारखं ऐकून थकलेल्या माणसाला वैताग येतो. नुसतं खांद्याला खांदा लावून पळा, पुढचा दिव्याचा खांब दाखवा, तिथवर गेलात की त्याच्या पुढचा. तो बोलत नसेल तर बोलू नका. पिंढरीत गोळा आला तर कडेला होऊन पायाचा चवडा स्वतःकडे ओढून धरा, मिनिटभर चाला, मग पुन्हा सावकाश सुरू करा.

रेघ ओलांडल्यावर

लगेच बसू नका, दहा मिनिटं चालत राहा. एकदम थांबलं की रक्त पायांतच साचतं आणि भोवळ येते. घामाने भिजलेला शर्ट ताबडतोब बदला, सकाळच्या वाऱ्यात हुडहुडी भरते. पाणी, मीठ-साखरेचं पेय, केळं, आणि मग तासाभराच्या आत खरा नाश्ता: पोहे-जिलेबी. वाफेवर मऊ ठेवलेले इंदुरी पोहे, वर शेव, जिरावण मसाला, कांदा, लिंबू, सोबत गरम जिलेबी. पळालेल्या शरीराला पिष्ट, साखर आणि मीठ तिन्ही हवे असतात, ते इथे एकाच पानात मिळतं.

संध्याकाळच्या गाडीने परत जाणार असाल तर सराफा या वेळी नाही, तिथले ठेले तेव्हा लागलेलेच नसतात. त्याऐवजी दुपारी छप्पन दुकान या खाऊगल्लीत जा. रविवारी मुक्काम असेल तर मात्र दुपारी झोप काढून रात्री सराफा गाठाच. तिथे शिकंजी मागताना ध्यानात ठेवा की ती लिंबाची नसते. दुधाची, सुकामेवा घातलेली आणि घट्ट असते, तेव्हा शेवटी घ्या आणि दोघांत एकच पुरे.

स्वतःची गाडी घेऊन आला असाल तर त्याच दिवशी पाच-सहाशे किलोमीटर चालवायला बसू नका. पाय आखडलेले असतात आणि डोळ्यांवर झोप येते. रेल्वेत खालचा बर्थ मिळवा आणि तासा-दोन तासांनी डब्यातून एक फेरी मारा. सोमवार-मंगळवारी जिना उतरताना मांड्या बोंबलतील. चालणं चालू ठेवा, पळणं चार-पाच दिवस बंद. पुढच्या रविवारी तीन-चार किलोमीटर सावकाश पळून बघा. दोन्ही पाय सारखेच दुखत असतील तर तो स्नायूंचा थकवा, आपोआप जातो. एकाच पायात, एकाच जागी, बोट ठेवून दाखवता येईल असं दुखत असेल आणि पळताना वाढत असेल, तर पळणं थांबवून अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवा.